डाव्या गुडघ्याचं वाक्य

दुभाष्याने उभं कुठे राहायचं हे आधी सांगते, कारण ते कुणालाच माहीत नसतं. बोलणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे, अर्धं पाऊल मागे. तो पुटपुटला तरी ऐकू यावं इतकं जवळ, आणि फोटोत आपण येऊ नये इतकं लांब. माझ्याकडे त्या अडीच सीझनमधली पेपरातली एकोणीस कात्रणं आहेत. अकरांत माझा कान आहे, चारांत छत्री आहे, एका फोटोत मी आख्खी आहे पण डोळे मिटलेले. उरलेल्या तिनांत मी कुठे आहे ते फक्त मला सापडतं.

दर वर्षी इथल्या, इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की संपादकांचा फोन येतो. "तुम्ही फुटबॉल क्लबमध्ये जपानी दुभाषी होतात ना, लिहा की." दर वर्षी मी म्हणते, पुढच्या वर्षी. त्यांना तो विनय वाटतो. विनय वगैरे काही नाही. त्या दिवसांतले गमतीचे किस्से मी एजवेअरपासून नॉटिंगहॅमपर्यंत प्रत्येकाच्या घरच्या जेवणावळीत सांगून चोथा केलेले आहेत. एकच सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही. आणि तो वगळून बाकीचे छापायचे हे मला जमत नव्हतं. या वर्षी लिहिते आहे, कारण ज्याची ही हकिगत आहे त्यानेच "लिहा" म्हटलं. नाव बदला, एवढीच अट घातली. म्हणून तो इथे हिरानुमा आहे. बाकीच्यांचीही नावं मी बदलली आहेत. क्लब मिडलंड्समधला, वरून दुसऱ्या डिव्हिजनमधला, एवढं पुरे.

मी पुण्यात सहा वर्षं जपानी शिकले आणि मग चाकणच्या एका कारखान्यासाठी ब्रेकची मॅन्युअल्स इंग्रजीत आणायचं काम केलं. नवऱ्याच्या, म्हणजे मिलिंदच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे नॉटिंगहॅमला आले आणि जपानी गुंडाळून ठेवली. बाबांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. माझे वडील साताऱ्याला एका शाळेत पीटीचे मास्तर होते. "जपानी शिकून बोलणार कुणाशी तू? बी.एड. कर," हे मी विसाव्या वर्षापासून ऐकत होते. इथे एका भाषांतराच्या एजन्सीत नाव घातलं, आठ महिने फोन वाजला नाही. मग एका सोमवारी वाजला. फुटबॉल क्लब आहे, जपानी डिफेंडर घेतलाय, आज दुपारी येता येईल का.

मॅनेजरला तिकडे सगळे गॅफर म्हणतात. त्याची बायकोसुद्धा. गॅफर गेटपाशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या टॅक्सीत पाहिलं.

"दुभाषी कुठाय?"

"मीच."

"मी जपानी बाई मागवली होती."

"जपानी माणूस तुमच्याकडे आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे भाषा आहे."

तो म्हणाला, "चहा घेणार?" माझा इंटरव्ह्यू झाला तो एवढाच.

हिरानुमा तेव्हा एकोणतिशीचा. डिफेंडरच्या मानाने ठेंगणा, कान जरा बाहेर आलेले, आणि इतका नीटनेटका की काढलेले मोजेसुद्धा घडी घालून ठेवायचा. मी दहा मिनिटं बोलले. त्याने सगळं मान लववून ऐकलं आणि अतिशय अदबीने म्हणाला, "मंजिरी-सान, तुमचं जपानी उत्तम आहे. फक्त तुम्ही ब्रेकबद्दल बोलताय असं वाटतं."

आता या धंद्याबद्दल. दुभाष्याने 'तो म्हणतो की' असं कधी म्हणायचं नसतं. तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच आठवड्यात ड्रेसिंगरूममध्ये बावीस उघड्याबंब बाप्यांसमोर मी खणखणीत आवाजात सांगितलं, "माझ्या जांघेत चमक भरली आहे." मग त्यातल्या एका भल्या पोराने माझ्यापुढे बर्फाची पिशवी धरली. पत्रकारांसमोर तर मी "ऑक्टोबरमध्ये मला बाळ होणार आहे" असं जाहीर केलं, तेव्हा एका म्हाताऱ्या वार्ताहराने उठून मला खुर्ची दिली. बाळ हिरानुमाच्या बायकोला होणार होतं, ओसाकात. मी खुर्ची घेतली. चार तास उभी होते.

पुण्याच्या आमच्या बापट बाईंनी तीन नियम घालून दिले होते. गाळायचं नाही, घालायचं नाही, सजवायचं नाही. तिसरा नियम मी पहिल्या शनिवारी हाफटाइमलाच मोडला. दोन गोल खाल्ले होते. गॅफर पाच मिनिटं बोलला, आणि त्या पाच मिनिटांत शिव्या नसलेले शब्द मी मोजले तर नऊ भरले. जपानीत तेवढ्या शिव्याच नाहीत. असल्या तरी बापट बाईंनी शिकवल्या नव्हत्या. मी हिरानुमाला सांगितलं, "प्रशिक्षक किंचित नाराज आहेत."

असे तीन शनिवार गेल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मंजिरी-सान, आज गॅफरनी बादलीला लाथ मारली. बादली भिंतीवर आपटून परत आली. आणि तरी ते किंचित नाराज?"

"आज जरा जास्त," मी म्हटलं.

तो हसला नाही, पण त्याचे कान हलले. त्यानंतर शिव्या तो पोरांकडूनच शिकला, आणि माझ्यापेक्षा चांगल्या. बाकीचं इंग्रजी मात्र त्याने माझ्यावरच सोडलं होतं.

सामान आणायला, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे आम्ही बरोबर असायचो. बायको तिकडे, हा इकडे एकटा, म्हणून दर बुधवारी आमच्याकडे जेवायला यायचा. त्याला मेतकूट-भाताचं वेड लागलं. त्यांच्याकडे भातावर भुरभुरायचं काहीतरी असतं, त्याची आठवण व्हायची म्हणे. पानावर बसताना खुर्ची नको म्हणायचा, खाली मांडी घालून बसायचा. मिलिंद म्हणायचा, "हा आपल्यापेक्षा जास्त मराठी आहे."

डिफेंडर काय करतो ते मला त्याने सुपरमार्केटच्या रांगेत समजावलं. मी तोवर गोल करणाऱ्यांकडेच बघत असे. तो म्हणाला, "त्या बाईंकडे बघा. त्यांची ट्रॉली आता मागे येणार, कारण त्यांना दूध घ्यायचं राहिलंय, त्यांनी दोनदा त्या बाजूला पाहिलं. मागचे आजोबा बेसावध आहेत." एवढं बोलून तो सहज दोन पावलं पुढे जाऊन उभा राहिला. ट्रॉली मागे आली, त्याच्या हाताला टेकून थांबली, आजोबांना पत्ताही लागला नाही. "हेच काम," तो म्हणाला. "जिथे काहीतरी होणार असतं तिथे आधी जायचं. मग काही होत नाही. मग लोक म्हणतात, हा काय करत होता?"

मला ते फार आवडलं. दुभाष्याचंही तसंच असतं. काम नीट झालं की आपण तिथे होतो हे कुणाला आठवत नाही. त्या दिवशी मला वाटलं, आम्ही दोघं एकाच धंद्यातले आहोत. खरं सांगते, आयुष्यात कधी मला माझ्या कामाचा इतका अभिमान वाटला नव्हता.

दुसऱ्या सीझनच्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. कपच्या सामन्यात आमच्या छोट्या क्लबच्या वाट्याला देशातला एक बलाढ्य क्लब आला, आमच्याच ग्राउंडवर, टीव्हीवर थेट. आणि बाबा पहिल्यांदा इंग्लंडला आले. आई गेल्यानंतरचं त्यांचं पहिलंच बाहेर पडणं. मी तिकिटं काढली, डगआउटच्या, म्हणजे आमच्या टीमच्या बाकांच्या, बरोबर मागची. बाबांनी साताऱ्याला काकांना फोन करून सांगितलं, "शनिवारी मंजूचा जपानी टीव्हीवर आहे." मंजूचा जपानी. शाळेच्या निरोप समारंभाला शिवलेला कोट त्यांनी बॅगेतून काढला आणि मला इस्त्री मागितली. बी.एड.चा विषय निघाला नाही.

त्या बुधवारी हिरानुमा जेवायला आला. बाबांनी साताऱ्याहून मेतकुटाचा डबा आणला होता. हिरानुमाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि 'सेन्सेई' म्हणाला.

"मास्तर म्हणतोय ना?" बाबांनी मला विचारलं. "शहाणा आहे. याला विचार, वळताना आधी काय वळतं? मान की कंबर?"

मी विचारलं. हिरानुमाने जरा विचार केला. "नजर," तो म्हणाला.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो. एकाला कळलं नाही." मग त्यांनी आमच्या दिवाणखान्यातल्या उंच दिव्याचा खांब धरून खो-खोत खांबावर कसं वळतात ते करून दाखवलं, अडुसष्टाव्या वर्षी. दिवा वाचला. हिरानुमाने मोठ्या आदराने टाळ्या वाजवल्या.

पण एक गोष्ट मी पाहिली होती. त्या दिवशी तो खाली बसला नाही. सोफ्यावर बसला, डावा पाय पुढे सोडून. मला ते दिसलं, आणि मी वरण आणायला आत गेले.

शुक्रवारी सकाळी फिजिओच्या खोलीत तपासणी होती. फिजिओ डेनिस हा मोठ्या पंजांचा, हळू बोलणारा माणूस. खेळाडूंचे पाय तो गॅरेजवाला इंजिन ऐकतो तसा कान देऊन तपासायचा. मंगळवारी सरावात हिरानुमाचा गुडघा जरा मुरगळला होता. सूज नव्हती. डेनिसने पाय वाकवून पाहिला, फिरवून पाहिला. गॅफर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला हिरानुमा हवाच होता, पण तो डेनिसचं ऐकणारा होता. हे मला माहीत होतं, म्हणून लिहिते आहे. डेनिस 'नाही' म्हणाला असता तर तो शिव्या देऊन दुसऱ्याला घेणार होता.

"विचार त्याला," डेनिस म्हणाला. "काय वाटतंय?"

हिरानुमाने तीन वाक्यं सांगितली. पहिलं, आत्ता दुखत नाही. दुसरं, टीमला गरज असेल तर मी खेळायला तयार आहे. तिसरं, पण डाव्या पायावर वळताना गुडघा आतून सुटल्यासारखा होतो, हे डेनिसनी विचारात घ्यावं.

मी पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. दुसरं सांगितलं. आणि थांबले.

त्या थांबण्याबद्दल मी स्वतःला अनेक गोष्टी सांगून पाहिल्या आहेत. शब्द सुचला नाही, असं एक. 'सुटल्यासारखा' याला इंग्रजीत काय म्हणावं ते चटकन आठवलं नाही, असं दुसरं. दोन्ही खोटं. ब्रेकच्या मॅन्युअलमध्ये तो शब्द दर तिसऱ्या पानावर असतो. मला फक्त इस्त्री केलेला कोट दिसत होता. हिरानुमा खेळला नसता तर मला डगआउटमध्ये काम नव्हतं, आणि बाबा आले असते कुणा परक्यांची मॅच बघायला. एवढंच. पैसा नाही, नोकरीचं भय नाही. वडिलांसमोर मिरवायचं होतं. तेहतीस वर्षांची बाई मी.

"बस?" डेनिस म्हणाला. "जपानीत जरा लांब होतं."

"जपानी लांबच असतं," मी म्हटलं.

गॅफर हसला. डेनिसही हसला. "ठीक आहे मग. पट्टी बांधू आणि खेळवू."

हिरानुमा माझ्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत. मी त्याला जपानीत सांगितलं, "डेनिस म्हणतात, पट्टी बांधू, खेळा." त्याने मान लववली. त्याला वाटलं, आपलं सगळं ऐकून, तोलून डेनिसने ठरवलंय. का वाटू नये? मध्ये मी होते ना.

मॅच सुंदर झाली, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पूर्वार्धात हिरानुमाने त्यांच्या महागड्या स्ट्रायकरला एकही चेंडू नीट खेळू दिला नाही. तो जाईल तिथे हा आधीच. ट्रॉली येऊन हाताला टेकावी तसं. मी डगआउटच्या कडेला आणि बरोबर मागे बाबा, कोटावर मिलिंदचं जाकीट, डोक्याला माकडटोपी, शेजारच्या तांबड्या चेहऱ्याच्या गृहस्थांशी मराठीत चर्चा करत. ते गृहस्थही मान हलवत होते. दोघांचं उत्तम चाललं होतं.

हाफटाइमच्या जरा आधी बाबा पुढे वाकले. "मंजू, तुझा माणूस डावीकडे वळत नाहीये. बघ, आत्ता बघ. लांबून उजवीकडून फिरून येतोय. नजर वळते, पाय वळत नाही. त्याला दुखतंय. कुणीतरी विचारा त्याला."

"विचारलंय, बाबा," मी म्हटलं. "ठीक आहे म्हणाला."

हाफटाइमला सांगता आलं असतं. डेनिस तिथेच होता, संत्र्याच्या फोडी वाटत. सांगायचं म्हणजे शुक्रवारचंही सांगावं लागलं असतं. मी गॅफरचं बोलणं जपानीत केलं, नेहमीपेक्षा नेटकं केलं.

उत्तरार्धात त्यांचा एक जलद पोरगा डाव्या बाजूने आत घुसला आणि हिरानुमाला लांबून फिरून यायला वेळच उरला नाही. तो डाव्या पायावर वळला. कुणी त्याला शिवलंही नाही. तो खाली बसावा तसा बसला आणि मग आडवा झाला. डेनिस पळाला, त्याच्यामागे बॅग धरून मी, लांब कोटात आणि उंच टाचांच्या बुटांत. टीव्हीवर ते अजून कुठेतरी असेल. बुटाची एक टाच ग्राउंडात रुतून राहिली. ही टाचेची गोष्ट मी जेवणावळीत नेहमी सांगते, लोक फार हसतात. मी तिथेच थांबवते.

त्यापुढचं असं, की डेनिस गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "काय होतंय विचार." हिरानुमा आभाळाकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "शुक्रवारी सांगितलं तेच."

डेनिस माझ्याकडे बघत होता.

"डावा गुडघा," मी म्हटलं.

लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, दहा महिने व्यायाम झाला. तेव्हा मी रोज त्याच्याबरोबर जिमला जायचे. आकडे मोजायला दुभाषी लागत नाही, तरी जायचे. तो परतला पण पूर्वीचा राहिला नव्हता. आधी पोचणारा माणूस आता वेळेवर पोचू लागला, आणि वेळेवर म्हणजे डिफेंडरच्या हिशेबात उशीर. सीझन संपल्यावर क्लबने त्याला सोडलं. जपानला परत जाऊन खालच्या लीगमध्ये दोन वर्षं खेळला आणि थांबला. इथून जाताना विमानतळावर त्याने मला एक सुबक खोकं दिलं. आत बुटाच्या टाचांची नवी जोडी होती.

मी नंतर ओळखीतल्या एका हाडांच्या सर्जनला, मैत्रिणीचं म्हणून, विचारलं होतं. तो म्हणाला, त्या शनिवारी नाही तर नंतरही तुटलं असतं, कदाचित. या 'कदाचित'वर मी काही वर्षं काढली. मग बाबा गेले. आम्ही लंडनच्या कडेला, पिनरला राहायला आलो. मी कोर्टात आणि हॉस्पिटलांत दुभाषी झाले, आणि तिथे एकही स्वल्पविराम गाळत नाही अशी माझी ख्याती आहे. सहकारी माझी टिंगल करतात. एकदा एका साक्षीदाराची शिंक मी न्यायाधीशांना सांगितली होती.

हिरानुमाचं नव्या वर्षाचं कार्ड दर जानेवारीला यायचं, माझं दिवाळीचं जायचं. गेल्या सप्टेंबरमध्ये मात्र फोन आला. तो आता ओसाकाजवळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. काही होऊ नये याची काळजी घेणं हेच काम, म्हणाला. ज्या बाळासाठी मला खुर्ची मिळाली होती ती मुलगी नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आली होती. तिला सोडून तो परत जाणार होता आणि जायच्या आधी त्याला मेतकूट-भात हवा होता.

रविवारी दुपारी तो पिनरला आला. केस विरळ झालेले, कान तेवढेच. मिलिंदने जोरात स्वागत केलं. पानं वाढल्यावर हिरानुमाने खाली बसायचा प्रयत्न केला, मध्येच थांबला आणि हसत खुर्ची ओढली. "हा आता ऐकत नाही," गुडघ्यावर टिचकी मारून म्हणाला.

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि सांगितलं. सगळं, जपानीत, उभ्यानेच. तीन वाक्यं होती, मी दोन सांगितली. कोट सांगितला, इस्त्री सांगितली. ग्राउंडवरचंही सांगितलं. मिलिंदला जपानी येत नाही. तो आमच्या तोंडांकडे बघत वाढलेला भात तसाच धरून बसला होता.

मग हिरानुमाने जे विचारलं ते माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"म्हणजे डेनिसला माहीत नव्हतं?"

"नाही."

"गॅफरना?"

"कुणालाच नाही."

"मी डेनिसवर इतकी वर्षं रागावलोय," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी स्पष्ट सांगितलं आणि तरी त्यांनी खेळवलं. त्यांची पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही." त्याचा आवाज चढला नाही, पण त्याने चमचा ठेवला. त्याला रागावलेलं मी प्रथमच पाहिलं. तो राग माझ्यावर होता आणि तो मी दोन दशकं दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवत होते. इतकी वर्षं मी माझा अपराध एका माणसापुरता समजत होते.

"डेनिसचा नंबर आहे?"

होता. डेनिस निवृत्त होऊन समुद्रकाठच्या एका गावात राहतो. मी फोन स्पीकरवर टाकला. हिरानुमाचं इंग्रजी आता माझ्याइतकंच चांगलं आहे, पण तो म्हणाला, "मी बोलत नाही. तुम्ही सांगा. तिन्ही वाक्यं."

मी डेनिसला तिन्ही वाक्यं सांगितली. मग माझी सांगितली. मिलिंदला ते इंग्रजीतून कळत होतं. त्याने भाताचा वाडगा हळूच खाली ठेवला. पलीकडून नुसती समुद्रपक्ष्यांची कलकल येत होती.

"इतकी वर्षं," शेवटी डेनिस म्हणाला, "मला वाटत होतं, माझ्या हातांना कळलं नाही. तो पाय माझ्या हातात होता, मॅन्जी."

"हो."

"मी म्हटलं होतं तुला. जपानीत लांब होतं."

"म्हणाला होतास."

"आत्ता मला तुला जे म्हणायचंय ना, ते म्हणत नाही. तू त्याला सांगशील, डेनिस किंचित नाराज आहेत."

हिरानुमा फोनकडे वाकला आणि अस्सल मिडलंड्सच्या इंग्रजीत बादलीला लाथ मारतानाचं गॅफरचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पलीकडे डेनिस खोकला येईपर्यंत हसला. मग ते दोघं बोलत बसले, पत्रांबद्दल, गुडघ्यांबद्दल, डेनिसच्या नव्या खुब्याबद्दल. मध्ये दुभाषी लागला नाही. मिलिंद माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस गं." मी भात गरम करायला ठेवला.

फोन ठेवल्यावर हिरानुमाने वाडगा पुढे केला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. मेतकूट कालवता कालवता तो म्हणाला, "सेन्सेईंना मॅच कशी वाटली? ते मला कधी कळलंच नाही."

मी सांगितलं. त्याला दुखतंय, कुणीतरी विचारा त्याला, हे बाबांनी म्हटलेलं, जसंच्या तसं.

तो थांबला. "त्यांना दिसलं."

"हो."

"आणखी काही म्हणाले?"

म्हणाले होते. त्या दिवशी परतताना गाडीत, माकडटोपी मांडीवर घेऊन. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण आयुष्यभर मला बाबांकडून जे ऐकायचं होतं ते हेच होतं, आणि ते मला नेमकं त्या दिवशी मिळालं.

"म्हणाले, 'मंजू, तो पडला तेव्हा डॉक्टर समोर होता, पण तो तुझ्याकडे बघत होता. चांगलं शिकलीस तू जपानी.'"

हिरानुमाने मान लववली, बाबांसमोर लववली होती तशी.

"बघत होतो," तो म्हणाला, आणि जेवू लागला.